ड्रमच्या काठावरची खूण

१

सुशील ठवकर सकाळच्या चहाच्या सुट्टीत मेला. हिंगणा रोडच्या औद्योगिक वसाहतीत तेल, थिनर आणि कसकसल्या रसायनांचे ड्रम साठवायचं एक मोठं गोदाम आहे. तिथल्या उंच रॅकांमधल्या दुसऱ्या गल्लीत, तेलाने भरलेल्या लोखंडी ड्रमखाली तो सापडला. छातीचा पार चेंदामेंदा झाला होता. पोलिसांनी पंचनामा केला, कुहीकडच्या गावी नेऊन घरच्यांनी अग्नी दिला आणि गोदाम पुन्हा सुरू झालं. मरणाचं कारण एका ओळीत मावलं: कामगाराने यंत्राची वाट न पाहता, एकट्याने हातगाडीवर ड्रम उतरवायला घेतला, तो अंगावर कलंडला. चूक त्याचीच.

त्याच्या बायकोला, श्वेताला, ती ओळ मान्य नव्हती. तिने अर्ज केला, आणि विमा कंपनीने चौकशीसाठी मेघा रामटेकेला पाठवलं.

मेघाचं ऑफिस रामदासपेठेत, पण बालपण खापरखेड्याच्या वीज कामगारांच्या वसाहतीत गेलेलं. कारखान्यातला मृत्यू घरी कसा येतो हे तिने लहानपणीच पाहिलं होतं. शेजारच्या दारापुढे चपलांचा ढीग साचतो आणि कुकरच्या शिट्ट्या थांबतात. म्हणून अशा कामाला ती निघायची तेव्हा बोलायची कमी.

फाटक उघडलं ते एका म्हाताऱ्या चौकीदाराने. ठेंगणा, स्वेटरवर खाकी शर्ट घातलेला. तो सुशीलचा बाप, गोपाळराव, हे तिला आधीच कळलं होतं. ती काही बोलायच्या आत तोच म्हणाला,

"माझ्याच पोराची चूक होती, बाई. घाई केली त्यानं. सूनबाईले समजत नाही. तुम्ही लिहून टाका तसं."

मेघा थबकली. इतक्या वर्षांत तिने कितीतरी बाप पाहिले होते. पोराच्या हातात दारूची बाटली सापडली तरी 'माझा पोरगा असा नव्हता' म्हणणारे. पोराची चूक आधीच कबूल करून मोकळा झालेला बाप तिने पहिल्यांदाच पाहिला.

मॅनेजर मनोहरराव तिला गल्लीत घेऊन गेले. उंचपुरा, कपाळाला टिळा, बोलणं मऊ. फरशीवर तेलाचा काळपट डाग होता. बाजूला तो ड्रम उभा करून ठेवला होता, त्याची तळाकडची शिवण उकलली होती.

"हा खालच्या फळीवर होता," मनोहरराव म्हणाले. "हे बघा, गुडघ्याइतकी उंची. त्याने हातगाडी लावली, ड्रम कलता केला, आणि गेला तोल. पोलीस येईपर्यंत आम्ही कशालाच हात लावला नाही."

मेघा खाली बसली. डागाच्या मधोमध सिमेंटचा टवका उडाला होता. लोखंडी ड्रम ट्रकमधून आदळतात, घरंगळतात आणि शाबूत राहतात. गुडघ्याच्या उंचीवरून कलंडून कुणाची शिवण उकलत नाही आणि फरशीही फुटत नाही. हा ड्रम वरून आला होता.

तिने मोबाईलवर पोलिसांचे फोटो उघडले. एका फोटोत सुशीलच्या पायाशी हातगाडी उभी होती. फरशीवर तेल पसरलेलं, आणि थंडीने दाट झालेल्या त्या तेलातून दोन बारीक समांतर रेषा गल्लीच्या तोंडापासून थेट गाडीच्या चाकांपर्यंत आलेल्या.

ती फोटोकडे पाहतच राहिली. गाडी आधीपासून तिथे असती तर तेल तिच्याभोवती पसरलं असतं. चाकांच्या रेषा तेलातून उमटल्या होत्या.

सुशील मेल्यानंतर कुणीतरी ती हातगाडी तिथे आणून उभी केली होती.

२

फोर्कलिफ्ट चालवणारा केशव बाहेर उन्हात बसला होता. ताडमाड उंच माणूस, डोळे रडून सुजलेले.

"मले काहून विचारता, मॅडम? मी तं चहाच्या ठेल्यावर होतो. सगळेच होते. थंडी किती होती त्या दिवशी! सुट्टी झाली का आम्ही सगळे उन्हात पळतो. सुशील म्हणे, तुम्ही व्हा पुढं, मी येतो."

"मग?"

"मग धाडकन आवाज आला. आम्ही पळालो, तं मनोहरराव साहेब दरवाज्यातच उभे. म्हणे, थिनरचा ड्रम फुटला, एक ठिणगी पडली तं सगळे जळून मराल, कोणी आत येऊ नका. आम्ही बाहेरच थांबलो, चांगला वेळ. मग त्यायनंच बोलावलं. तोवर काही नव्हतं राहिलं, मॅडम."

"थिनरचा वास आला होता?"

केशवने आठवून पाहिलं. "नाही," तो हळूच म्हणाला. "तेलाचा ड्रम होता तो. थिनरचे तं तिकडं, भिंतीपलीकडं राहतात."

"फोर्कलिफ्ट कुठे होती?"

"चार्जिंगले लावून होती, रोजच्या जागी." तो थोडा घुटमळला. "एक गोष्ट सांगू? त्याच्यानंतर मी पहिल्यांदा गाडीवर बसलो तं माझा गुडघा स्टेअरिंगले ठोकला. सीट पुढं ओढलेली होती. मी कधीच ओढत नाही, माझे पाय पाहा ना."

"तुझ्याशिवाय कोण चालवतं?"

"आता कोणीच नाही. मनोहरराव साहेबाले तं स्कूटरही येत नाही. मोनाली मॅडम ट्रेनिंगमध्ये शिकल्या होत्या थोडीशी."

बॅटरीवरची फोर्कलिफ्ट. बाहेर चहा पिणाऱ्यांना तिचा आवाज ऐकू आलाच नसता.

चहाचा ठेला फाटकासमोरच होता. प्रयागबाई गिलास विसळता विसळता बोलत होती.

"सगळे होते वं बाई. केशव इथंसा बसून बिस्किट खात होता, मी आपल्या डोळ्यानं पायलं. फक्त साहेब अन् ती मोनाली पोरगी आपापल्या हापिसात. गोपाळराव फाटकावर. त्याचा चहा मी तिकडंच नेऊन ठेवतो रोज." तिने पदराने डोळे टिपले. "त्या दिवशी तोही तसाच राहिला. साय धरली होती त्याच्यावर. पोरगा गेल्यावर कोण चहा पिते?"

मेघा मागे वळून गोदामाकडे पाहत होती. बुटका माणूस, ज्याला फोर्कलिफ्ट येते, आणि जो चहाला आला नव्हता. मोनालीच्या खोलीच्या काचेआडून कुणीतरी तिच्याकडे टक लावून बघत होतं.

३

मोनाली गोदामाची सुरक्षा अधिकारी होती. वय तिशीच्या आत, बुटकी, घाबरलेली. मेघाने विचारायच्या आधीच तिने सांगितलं, की ती त्या वेळी मुंबईच्या मुख्य ऑफिसशी व्हिडिओवर बोलत होती, आवाज झाला तेव्हासुद्धा. मेघाने तिच्यासमोरच मुंबईला फोन लावला. ते खरं निघालं. ड्रम आदळला तेव्हा पलीकडच्यांनीच 'काय झालं' असं विचारलं होतं.

"मला नोकरीची भीती नाही वाटत, मॅडम," मोनाली म्हणाली. "मला हे समजत नाही, की सुशीलदादा त्याच्या खाली आले कसे. उचललेल्या ड्रमखाली कुणी उभं राहिलं की ते शिव्या द्यायचे. मी शिकवलेलं पोरं विसरायची, पण त्यांचं ओरडणं नाही विसरायची."

"ड्रम उचलता कशाने?"

मोनाली तिला भिंतीपाशी घेऊन गेली. जाड खुंट्यावर एक पिवळंधमक लोखंडी यंत्र टांगलेलं होतं. फोर्कलिफ्टच्या दोन दांड्यांवर ते बसवायचं; त्याला पोपटाच्या चोचीसारखा जबडा असतो, तो ड्रमचा वरचा काठ दाताखाली धरतो आणि वजन येईल तसा आणखी घट्ट आवळतो. कामगार त्याला नुसतं 'चोच' म्हणत. मेघाने जबड्यावरून बोट फिरवलं. दोन्ही दात कोरे होते. रंगसुद्धा खरचटला नव्हता.

"ही वापरतच नाही का कुणी?"

मोनालीने मान खाली घातली. "दिवाळीनंतर मागवली. जुनीचा एक दात तुटला होता. मी तिच्यावर लाल फुली मारली, वापर बंद केला. मनोहरराव म्हणाले, जुनी भंगारात दिली. मी विश्वास ठेवला. माझं बसणं ऑफिसात, मॅडम. मी रोज आत यायला पाहिजे होतं."

मेघा परत दुसऱ्या गल्लीत गेली. ड्रमच्या वरच्या काठावर तिने मोबाईलचा उजेड पाडला. निळा रंग खरवडून लोखंड चकाकत होतं, ताजी खूण. एकच खोल दातखूण होती, दुसरी नव्हती. त्या एका खुणेपासून एक लांब ओरखडा काठाच्या टोकापर्यंत गेलेला. एका दाताने धरलेला ड्रम त्या दातावर फिरला आणि सुटला.

म्हणजे जुनी चोच त्या सकाळपर्यंत गोदामात होती. आणि चौकशी संपेपर्यंत बंदी असल्यामुळे त्या दिवसापासून फाटकाबाहेर भंगाराची एकही गाडी गेली नव्हती.

मागच्या अंगणात रिकामे ड्रम ओळीने उभे होते, झाकणाच्या कड्या आवळलेले. मेघा एकेकाला हाताने ढकलत चालली. रिकामा ड्रम लगेच डुलतो, पोकळ वाजतो. एक डुलला, दुसरा, तिसरा. भिंतीलगतच्या कोपऱ्यातला एक मात्र जागचा हलला नाही.

"केशव," तिने हाक मारली, "याची कडी काढ."

झाकण निघालं. आत, पोत्यात गुंडाळलेली, लाल फुली मारलेली तुटक्या दाताची चोच होती. तिच्यावरचं तेल अजून पुसलेलं नव्हतं.

केशव दोन पावलं मागे सरला. मोनालीने तोंडावर हात घेतला. गोदामाच्या दारात मनोहरराव येऊन उभे होते, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

४

"मी लपवली," मनोहररावांनी खुर्चीत बसता बसता सांगितलं. आवाजातला मऊपणा गेला नव्हता. "नवी चोच जड आहे, तिने काम सावकाश होतं. मालकांचा निरोप होता, ती तपासणीला येणाऱ्यांसाठी भिंतीवर राहू द्या. मी नोकर माणूस. हातगाडीही मीच आणून ठेवली. पण मॅडम, मी त्याला मारलं नाही. मला ती गाडी चालवता येत नाही. ज्याने चालवली त्याला विचारा."

"कुणी चालवली?"

ते म्हणाले, "तुम्ही नका विचारू. मी त्या माणसावर दया केली आहे."

त्या 'दया' शब्दाने मेघाला फाटक आठवलं. फाटकाकडे बघायची तिला इच्छा होईना. फाटकावर त्या दुपारी दुसराच चौकीदार होता. गोपाळराव घरी गेले होते.

ठवकरांची खोली वानाडोंगरीत होती. श्वेताने दार उघडलं. आत सुशीलची चार-पाच वर्षांची पोरगी, पायल, भिंतीवर खडूने रेघोट्या ओढत बसली होती. गोपाळराव मागे मोरीपाशी कपडे धूत होते.

"काही सापडलं का, मॅडम?" श्वेताने विचारलं.

"ते त्या दिवशी घाईत होते का? घरी काही काम होतं?"

"हो, अर्धी सुट्टी टाकली होती." तिने मोरीपाशी बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. "मामाजींचे डोळे दाखवायचे होते, रामदासपेठेत. मोतीबिंदू पिकला म्हणतात. त्याच्यापायीच तर गाडीवरून उतरवून त्याईले फाटकावर बसवलं कंपनीनं. नाहीतर वीस-बावीस वर्षं फोर्कलिफ्ट तेच चालवत होते. ह्याईले पण त्याईनंच शिकवलं, कसं उभं राहायचं, कसं..." ती बोलता बोलता थांबली. मेघाचा चेहरा तिने पाहिला होता.

मोरीपाशी बादलीचा आवाज बंद झाला.

"श्वेता," मेघा म्हणाली, "पोरीला थोडा वेळ शेजारी पाठवतेस?"

५

गोपाळराव ओल्या हातांनीच येऊन खाली बसले. मेघाही चटईवर बसली. तिला त्यांच्याशी एकांतात बोलायचं होतं, पण श्वेता दाराला पाठ लावून उभी राहिली होती. ती हलणार नव्हती.

मेघाने सरळ सांगितलं. ड्रम वरून पडला, फोर्कलिफ्टवरून. केशव ठेल्यावर होता. मनोहररावांना चालवता येत नाही. मोनाली फोनवर होती. सीट पुढे ओढलेली होती, म्हणजे बसणारा बुटका होता. सुट्टी होताच फाटकावर ठेवलेला चहा कुणी न पिता साय धरून पडला होता, म्हणजे आवाज व्हायच्या आधीच फाटकावर कुणी नव्हतं.

"गोपाळराव, गाडीवर तुम्ही होतात."

म्हाताऱ्याने नाही म्हटलं नाही. त्याने ओले हात शर्टाला पुसले.

"एकच ड्रम राहिला होता," तो शेवटी म्हणाला. "तो उतरला का सुशील मोकळा. केशवची वाट पाहून राहिला होता. मीच म्हणालो, चाल गा, मी देतो उतरवून, डॉक्टरचा नंबर निघून जाईन. तो नको म्हणे. मी म्हणालो, तुह्या जन्माआधीपासून गाडी चालवतो मी."

श्वेताने पाठीमागची कडी लावली.

"साहेब आला पळत. म्हणे, गोपाळराव, आंधळा माणूस गाडीवर बसला अन् पोराले मारलं, आता तुम्ही जेलात जासान, सुनेकडं कोण पाहीन? मी सांगतो तसं करा. अन् मले म्हणे, गाडी जागेवर लावा." त्याने डोळ्यांवर मूठ दाबली. "माझा पोरगा तिथं पडला होता, बाई, अन् मी गाडी चार्जिंगले लावून राहिलो होतो. हात बराबर चालत होते माझे. एकदम बराबर."

मेघाला वाटलं, निदान एक ओझं तरी आपण उतरवू शकतो. तिने मोबाईलवर चोचीचा फोटो उघडून त्यांच्या डोळ्यांजवळ धरला.

"हे तुमच्या डोळ्यांमुळे झालं नाही, गोपाळराव. चोचीचा दात तुटलेला होता. त्या दिवशी केशव असता तरी ड्रम सुटलाच असता. मॅनेजरला ते माहीत होतं. त्याने सगळं तुमच्यावर ढकललं."

गोपाळरावांनी फोटो पाहिला, किंवा पाहिल्यासारखं केलं. मग मान हलवली.

"ड्रम सुटला असता," ते म्हणाले. "पण केशव गाडीवर असता तं सुशील खाली नसता."

मेघाला क्षणभर कळलं नाही. मग मोनालीचा प्रश्न आठवला: ते खाली आले कसे?

"मले वरचं दिसत नव्हतं," गोपाळराव सांगू लागले. "चोच काठावर बसली का नाही, तेच दिसेना. मी दोनदा चुकलो. तं तो म्हणे, बाबा, थांबा, मी जवळून सांगतो. तो आला समोर. वर पाहून सांगत होता, बाबा, थोडं डावीकडं, आता उचला, आता हळू. मी त्याचं ऐकून चालवत होतो. आवाज येत होता तोवर." ते थांबले. "मग नाही आला."

शेजारच्या घरात पायल कशाला तरी हसत होती, ते भिंतीतून ऐकू येत होतं.

"इतके दिवस," श्वेता म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता आणि म्हणूनच मेघाला भीती वाटली. "इतके दिवस माझ्या हातचं जेवले तुम्ही, मामाजी. मी म्हणत होते, त्याईची चूक नाही, त्याईची चूक नाही. तुम्ही समोर बसून होते. एकदा तरी म्हणाचं होतं ना, की नाही त्याची चूक."

"तुले अन् पोरीले कोण पाहीन म्हणून..."

"आता कोण पाहणार आहे?"

गोपाळरावांनी सुनेच्या दिशेने हात पुढे केला, पण तिथे ती नव्हती. ती केव्हाच बाजूला सरली होती, आणि त्यांना ते दिसलं नव्हतं.

६

मेघाने अहवाल लिहिला. सुशील ठवकरची कोणतीही चूक नाही, असं तिने त्यात पहिल्याच वाक्यात घातलं. श्वेताला जे हवं होतं ते मिळालं. मिळालं तेव्हा तिने मेघाचा फोन घेतला, "बरं" म्हणाली आणि ठेवून दिला.

मनोहररावांना अटक झाली, आठवडा संपायच्या आत ते बाहेर आले. मालकाचा निरोप तोंडी होता, मनोहररावांनी पोलिसांपुढे तो आठवतच नाही म्हणून सांगितलं, आणि मालकाचं नाव कुठे आलंच नाही. मोनालीने राजीनामा दिला. केशव तिथेच राहिला, दुसरं काम कुठे होतं? नवी चोच वापरात आली. तिच्याने काम सावकाश होतं, पण फार नाही, असं त्याने मेघाला सांगितलं.

गोपाळराव स्वतःच ठाण्यात गेले होते. सगळं सांगितलं, जे विचारलं नाही तेही. जामिनासाठी घरचं कुणीतरी पाहिजे होतं. गावाकडून कुणी आलं नाही. ते म्हणाले, मले जामीन नको, इथंच बरं आहे. हवालदारालाच ते बघवेना, त्याने मेघाला फोन केला.

मेघा पोचली तेव्हा श्वेता आधीच आलेली होती. कुणी कळवलं होतं कोण जाणे. पायलला तिने आणलं नव्हतं. बाकावर गोपाळराव बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. सून आली आहे हे त्यांना उमगलं नव्हतं, आणि तिने ते उमगू दिलं नाही. ती टेबलापाशी उभी राहिली. हवालदाराने सांगितलं तिथे सही केली.

"आरोपी तुमचे कोण?" त्याने मान वर न करता विचारलं.

श्वेताने पदर खांद्यावर घेतला. हवालदाराने वर पाहिलं.

"माझ्या नवऱ्याचे बाबा," ती म्हणाली.

त्याने 'सासरे' असं लिहिलं. तिचा आवाज ऐकून बाकावरचा म्हातारा धडपडत उठला आणि चाचपडत टेबलाकडे येऊ लागला, तोवर ती बाहेर निघून गेली होती.